मांजरीची ल्युकेमिया तपासणी आणि लस : कोणते पाऊल आधी, कोणते नंतर

खेड्यात मांजरीला लस द्यायची म्हटले की बहुतेक घरी एकच क्रम दिसतो. पिल्लू जरा मोठे झाले की तालुक्याला जाणाऱ्या कुणाबरोबर तरी ते पाठवले जाते, मानेमागे एक सुई टोचली जाते आणि ‘सगळ्या लशी झाल्या’ असे घरी सांगितले जाते. फेलाइन ल्युकेमिया विषाणूच्या (एफईएलव्हीच्या) बाबतीत या क्रमातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकलेली असते. तपासणी झालेली नसते, दिलेली लस बहुधा या रोगाची नसतेच, सुईची जागा चुकलेली असते, आणि कोणती लस कोणत्या पायात कोणत्या तारखेला दिली याची नोंद घरातही नसते आणि दवाखान्यातही नसते. दुसऱ्या टोकाला असे पालक असतात, ज्यांनी ‘त्या लशीने मांजरीला कॅन्सर होतो’ एवढेच कुठेतरी ऐकलेले असते आणि तेवढ्यावरून त्यांनी प्रत्येक लस बंद केलेली असते, अगदी रेबीजचीसुद्धा. पुढचे टप्पे या दोन्ही प्रकारच्या वाचकांसाठी आहेत आणि ते ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करायचे आहेत.

सुरुवातीला दोन कॅन्सर वेगळे करा

या विषयात दोन निरनिराळ्या कॅन्सरची सरमिसळ होते आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

पहिला कॅन्सर विषाणूमुळे होतो. एफईएलव्ही हा विषाणू मांजरीच्या पेशींच्या जनुकांत स्वतःची प्रत घुसवतो, अस्थिमज्जेत ठाण मांडतो आणि ज्या मांजरींचे शरीर त्याला आवरू शकत नाही त्यांच्यात रक्तक्षय, वारंवार होणारे संसर्ग, लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) किंवा रक्ताचा कॅन्सर घडवतो. अशा कायम बाधित मांजरींना लिम्फोमा होण्याचा धोका निरोगी मांजरीच्या तुलनेत सुमारे ६० पट असल्याचे मानले जाते. मात्र कॅन्सर होण्याआधीच रक्तक्षयाने किंवा दुसऱ्याच एखाद्या संसर्गाने दगावणाऱ्या मांजरी पुष्कळ असतात, आणि कायम बाधित मांजरींपैकी बहुतेक निदानानंतर दोन-तीन वर्षांत जातात.

दुसरा कॅन्सर सुईच्या जागी होणारा सार्कोमा, म्हणजे कातडीखालच्या मांसल भागाचा कॅन्सर, आहे. त्याचा एफईएलव्ही विषाणूशी संबंध नाही. सुईच्या जागी दीर्घकाळ राहिलेल्या दाहातून तो उद्भवतो, असे मानले जाते. तो कोणत्याही लशीनंतर होऊ शकतो, क्वचित दीर्घकाळ काम करणाऱ्या इतर इंजेक्शनांनंतरही होतो. तो दुर्मीळ आहे. निरनिराळ्या देशांतले अंदाज सारखे नसले, तरी दहा हजार लसवंत मांजरींमागे एक किंवा फार तर काही, अशा पातळीवरचे ते आहेत. तो दुर्मीळ असला तरी झाल्यावर चिवट असतो, म्हणूनच सुई कुठे टोचायची याला पाचव्या टप्प्यात एवढी जागा दिली आहे.

लस पहिल्या कॅन्सरचे मूळ कारण अडवते आणि दुसऱ्याचा थोडा धोका सोबत आणते. दिवसभर गावभर फिरणाऱ्या, बोक्यांशी भांडणाऱ्या तरुण मांजरीच्या बाबतीत या दोहोंचे पारडे कुठे झुकते, याबद्दल मला शंका नाही. कधीच घराबाहेर न पडणाऱ्या, एकट्या, म्हाताऱ्या मांजरीच्या बाबतीत ते दुसऱ्या बाजूला झुकू शकते.

टप्पा १ : आपल्या मांजरीला धोका किती, ते ठरवा

हा विषाणू मुख्यतः लाळेतून पसरतो. एकमेकींना चाटणे, एकाच भांड्यात खाणे, चावा, आणि आईकडून पिल्लाला गर्भात किंवा दुधातून, या त्याच्या वाटा आहेत. कोठ्यातल्या कुटारावर झोपणाऱ्या चार-पाच मांजरींना संध्याकाळी एकाच परातीत दूध-पोळी कुस्करून घालणे हे आपल्याकडचे नेहमीचे दृश्य आहे, आणि विषाणूला याहून सोयीची जागा सापडणार नाही. शरीराबाहेर मात्र तो फार तग धरत नाही. कोरड्या जागी काही तासांत निष्प्रभ होतो आणि साबणाने लगेच मरतो. माणसांना, कुत्र्यांना, गाई-बकऱ्यांना तो होत नाही, त्यामुळे लेकरांना मांजरीपासून दूर ठेवण्याचे कारण नाही.

वयाचा फरक फार मोठा आहे. पिल्ले आणि एक वर्षाखालच्या मांजरी सहज बाधित होतात, पूर्ण वाढलेल्या मांजरींची प्रतिकारशक्ती बरीच चांगली असते. म्हणून २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाखालच्या सर्व मांजरींसाठी ही लस आवश्यक समजली जाते आणि मोठ्या मांजरींसाठी ती त्यांच्या राहणीवरून ठरवली जाते. विदर्भातल्या खेड्यात ‘घरातली मांजर’ म्हणजे जिचे घर ठरलेले आहे अशी मांजर, जी रात्री कवेलूंवरून चार घरे फिरून येते. त्यामुळे आपली मांजर घरातच असते, असे दवाखान्यात सांगण्यापूर्वी ती रात्री कुठे असते याचा खरा हिशेब करावा.

टप्पा २ : निघण्याआधी फोन करा

ही पायरी सर्वांत जास्त वेळा वगळली जाते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचे मुख्य काम गाई-म्हशी, बैल आणि शेळ्यांचे असते. तिथे मांजरीच्या ल्युकेमियाची तपासणी-किट किंवा लस असेलच, असे समजून चालू नये. नागपूर, अमरावती, अकोला यांसारख्या शहरांतल्या लहान प्राण्यांच्या खासगी दवाखान्यांत, तसेच नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आणि अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत विचारणा करता येते. तिथेही आधी फोनच करावा, कारण ही लस प्रत्येक ठिकाणी नेहमी ठेवलेली नसते आणि अनेकदा मागवून घ्यावी लागते.

फोनवर ‘मांजरीची लस आहे का’ असे विचारू नये, कारण उत्तर हमखास ‘आहे’ असे येते आणि ते खरेही असते. सर्वत्र मिळणारी ‘थ्री-इन-वन’ लस पॅनल्युकोपेनिया, हर्पीस आणि कॅलिसी या तीन विषाणूंविरुद्ध असते. काही लशींत सोबत रेबीजही असते. यांपैकी एकही ल्युकेमियाची लस नव्हे. पॅनल्युकोपेनिया हे नाव कानाला सारखे वाटते, एवढाच त्यांचा संबंध. विचारायचे ते असे : “डॉक्टरसाहेब, एफईएलव्हीची वेगळी लस तुमच्याकडे आहे का, की मागवावी लागेल? लशीआधी रक्त तपासायची किट आहे का? दोन्हींचा खर्च किती? आणि महिनाभराने दुसरा डोस त्याच लशीचा मिळेल ना?” शेवटचा प्रश्न विसरू नये. पहिला डोस मिळाला आणि दुसरा मिळाला नाही, तर पहिला जवळजवळ वाया गेल्यासारखाच असतो.

खात्री : लस मिळत नाही असे कळले, तरी हा लेख इथे बंद करू नये. तपासणी, वेगळे ठेवणे, नसबंदी आणि नोंद यांतून होणारा बचाव लशीवाचूनही बराच मोठा आहे.

टप्पा ३ : घरची तयारी

मांजर निरोगी असतानाच लस द्यावी. ताप, जुलाब, वाहणारे डोळे-नाक, दोन दिवस न खाणे यांपैकी काही असेल, तर आधी त्यावर उपचार करून मग लशीला जावे. जंताचे औषध आठ-दहा दिवस आधी वजनाप्रमाणे दिलेले असावे. वजन घेण्यासाठी किराणा दुकानातला ताणकाटा पुरतो. मांजरीला पिशवीत घालून वजन करावे आणि त्यातून पिशवीचे वजन वजा करावे.

सावधान : पिसवा घालवण्यासाठी ढोरांच्या गोचिडांचे औषध मांजरीला कधीही लावू नये. त्यात असणारी डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, परमेथ्रिन या गटातली कीटकनाशकांचे विष मांजरीच्या यकृताला उतरवता येत नाही, आणि थोड्याशा प्रमाणातही मांजरीला झटके येऊन ती मरू शकते. ज्या कापडाने बैलाला औषध पुसले, त्यावर मांजर झोपली तरी धोका असतो.

नेण्यासाठी पोते किंवा तोंड बांधलेली थैली वापरू नये. पिंजरा नसेल, तर भाजीच्या एका प्लास्टिक क्रेटवर तसाच दुसरा पालथा घालून चारही कोपरे सुतळीने आवळावेत. तळाशी मांजरीच्या रोजच्या झोपण्याचे जुने लुगडे अंथरावे, म्हणजे ओळखीच्या वासाने ती शांत राहते. निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नये, पाणी मात्र द्यावे. चैत्र-वैशाखात पहिल्या एसटीने जावे आणि ऊन चढण्याआधी दवाखाना गाठावा. चंद्रपूर-नागपूरच्या पट्ट्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि बंद गाडीत मांजर फार लवकर तापते. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागली, तर तो धोक्याचा इशारा समजावा. कुत्र्याला ते साहजिक असते, मांजरीला नसते.

टप्पा ४ : आधी रक्त, मग लस

बाधित मांजरीला लस दिल्याने तिचा आजार बरा होत नाही. हानी होत नाही, पण पैसे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे ‘लस झाली आहे’ या समजुतीवर ती मांजर इतरांत मिसळत राहते. म्हणून तपासणी लशीआधी करावी.

दवाखान्यातली झटपट किट रक्तातले पी-२७ हे विषाणूचे प्रथिन शोधते. ती प्रत्यक्ष विषाणूचा अंश शोधत असल्यामुळे आईकडून मिळालेल्या प्रतिपिंडांनी (विषाणूशी लढणाऱ्या प्रथिनांनी) तिचा निकाल बिघडत नाही आणि पिल्लू कितीही लहान असले तरी तिचा उपयोग होतो. मात्र लस टोचल्यावर लगेच रक्त घेतले, तर लशीतलाच अंश किटवर उमटण्याची शक्यता राहते. म्हणून एकाच भेटीत दोन्ही करायचे असेल, तर रक्त घ्यावे, निकाल पाहावा आणि मगच सुई भरावी. गर्दीच्या दिवशी हा क्रम उलटा होतो, त्यामुळे टेबलाजवळ उभे राहूनच ते पाहावे.

बहुतेक किटवर एफईएलव्हीबरोबर एफआयव्ही या मांजरीची प्रतिकारशक्ती खालावणाऱ्या दुसऱ्या विषाणूचीही रेघ असते. ती रेघ प्रतिपिंडांची असते आणि सहा महिन्यांखालच्या पिल्लात आईच्या प्रतिपिंडांमुळेही उमटू शकते. दोन रेघांची अदलाबदल होऊन निरोगी पिल्लू ‘ल्युकेमियावाले’ ठरल्याची उदाहरणे घडतात. किट नीट चालली हे दाखवणारी नियंत्रण-रेघ उमटली नसेल, तर ती किट बाद समजावी. निकाल किटच्या पत्रकावर दिलेल्या मिनिटांतच वाचावा, अर्ध्या तासाने डोकावून पाहिलेली फिकट रेघ धरू नये.

निकाल ‘नाही’ आला आणि पिल्लाचा संशयास्पद मांजरीशी संबंध आलेला नसेल, तर त्याच दिवशी लस सुरू करता येते. संबंध आलेला असेल, किंवा पिल्लू कुणाच्या कोठ्यातून मागून आणले असेल आणि त्याच्या आईबद्दल काही माहीत नसेल, तर संसर्ग ताजा असताना किट तो पकडू शकत नाही, हे लक्षात घ्यावे. अशा पिल्लाला वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यात ठेवून निदान ३० दिवसांनी पुन्हा तपासावे. अनेक पशुवैद्य सहा आठवडे थांबायला सांगतात आणि थांबणे शक्य असेल तर थांबावे.

निकाल ‘आहे’ आला, तर एका किटवर कोणताही मोठा निर्णय घेऊ नये. हा मुद्दा मी जोर देऊन लिहितो आहे, कारण एका फिकट रेघेवरून मांजरीला रानात सोडून देण्याचे किंवा ‘सुई देऊन टाका’, म्हणजे मारून टाका, म्हणण्याचे प्रकार होतात. पहिल्या ‘आहे’ची खात्री दुसऱ्या कंपनीच्या किटने किंवा प्रयोगशाळेतल्या पीसीआरने (विषाणूची जनुके शोधणाऱ्या चाचणीने) करून घ्यावी. शिवाय काही मांजरींत सुरुवातीला विषाणू रक्तात दिसतो आणि नंतर शरीर त्याला दाबून टाकते. म्हणून मांजर वेगळी ठेवून साधारण सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासावे. पीसीआरसाठी रक्त जांभळ्या बुचाच्या नळीत घेतात. ती नळी बर्फाच्या पाकिटासोबत, पण पाकिटाला थेट न चिकटवता न्यावी आणि फ्रीजरमध्ये ठेवू नये, कारण गोठल्यावर रक्तपेशी फुटतात.

नसबंदीसाठी मांजर भुलीवर असताना रक्त घेणे सर्वांत सोपे असते. मांजर रागीट असेल, तर तपासणी त्याच दिवशी ठरवावी. नसबंदीचा फायदा इथे दुहेरी आहे. बोक्यांची भटकंती आणि चावाचावी कमी होते, आणि बाधित आईकडून पिल्लांना होणारा संसर्ग थांबतो.

टप्पा ५ : लस आणि सुईची जागा

आठ आठवड्यांच्या वयापासून पहिला डोस देता येतो, दुसरा त्यानंतर तीन ते चार आठवड्यांनी द्यावा. दोन्ही डोस एकाच कंपनीच्या लशीचे असावेत. मोठ्या मांजरीलाही पहिल्यांदा देताना दोनच डोस लागतात, ‘मोठी आहे, एक पुरे’ असे नसते. दुसरा डोस फार लांबला, तर मालिका पुन्हा सुरू करावी का, ते डॉक्टरांना विचारावे. बहुतेक वेळा ती सुरू करावीच लागते. दुसऱ्या डोसानंतर दोन-तीन आठवडे जाईपर्यंत मांजरीला संरक्षण आहे असे धरू नये आणि तोवर रात्री तिला घरात कोंडावे.

डोस देताना तीन गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. लस फ्रीजमधून, २ ते ८ अंशांतून काढलेली असावी. एका मांजरीला एक पूर्ण डोस द्यावा. वजन कमी आहे म्हणून अर्धा-अर्धा करून दोन पिल्लांत वाटू नये, कारण लशीचे प्रमाण वजनावर ठरत नाही. आणि दोन वेगळ्या लशी एका सिरिंजमध्ये मिसळू नयेत, लशीच्या पत्रकात तसे स्पष्ट सांगितले असेल तरच ती गोष्ट वेगळी. लस स्वतः मेडिकलमधून विकत घेऊन पिशवीत घालून गावी आणू नये. भारनियमनाच्या गावात घरच्या फ्रीजवर भरवसा ठेवता येत नाही, आणि तापलेली किंवा गोठलेली लस बाहेरून पाहून ओळखू येत नाही.

आता जागा. १९९१ मध्ये अमेरिकेत सुईच्या जागी होणाऱ्या सार्कोमाकडे पहिल्यांदा लक्ष वेधले गेले, आणि त्यानंतर लशी कुठे टोचाव्यात याचे नियम बदलले. ल्युकेमियाची लस डाव्या मागच्या पायात, रेबीजची उजव्या मागच्या पायात, दोन्ही गुडघ्याच्या खाली, आणि थ्री-इन-वन उजव्या पुढच्या पायात कोपराच्या खाली द्यावी, असा हा नियम आहे. कातडीखाली द्यायची असते, स्नायूत नव्हे. खांद्यांच्या मधोमध, मानेमागे सैल कातडीत टोचणे सोपे असते, मांजर कमी ओरडते, म्हणून आपल्याकडे ती सवय अजून टिकून आहे. पण तिथे सार्कोमा झाला, तर गाठीभोवतीचे तीन ते पाच सेंटिमीटर निरोगी मांस आणि खालचे थर काढावे लागतात. पाठीच्या कण्याजवळ, बरगड्यांवर ते जवळजवळ अशक्य होते आणि गाठ पुन्हा येते. पायात खाली गाठ झाली, तर पाय काढून मांजर वाचवता येते, आणि तीन पायांची मांजर भिंतीवरही चढते.

शिवाय प्रत्येक लशीची जागा ठरलेली असली, की नंतर गाठ आली तर ती कोणत्या सुईची, हे लगेच कळते. डॉक्टरांना आधीच नम्रपणे सांगावे : “पायात, गुडघ्याखाली देता येईल का? मी मांजर धरतो.” जाड टॉवेलमध्ये मांजर गुंडाळून फक्त तो एक पाय बाहेर ठेवला, की काम होते. मांडीत वर टोचलेली सुई ‘पायात दिली’ या हिशेबात धरू नये, तिथून गाठ पोटाच्या भिंतीपर्यंत पसरू शकते.

दाह वाढवणारे सहायक द्रव्य नसलेल्या लशी काही ठिकाणी मिळतात. निवड करता येत असेल, तर त्यांबद्दल विचारावे, पण त्या मिळाल्या नाहीत म्हणून धोक्यातल्या पिल्लाची लस थांबवावी, असे मला वाटत नाही.

टप्पा ६ : सुईनंतरचा अर्धा तास आणि पुढचे दोन दिवस

सुई झाल्यावर लगेच एसटी पकडू नये. वीस-तीस मिनिटे दवाखान्याच्या सावलीत थांबावे. तोंड सुजणे, उलट्या, हिरड्या पांढऱ्या पडणे, श्वास लागणे यांपैकी काही दिसले, तर ती तीव्र ॲलर्जी असते आणि तिच्यावरचे औषध दवाखान्यातच असते, बसस्थानकावर नसते.

घरी आल्यावर एक-दोन दिवस मांजर सुस्त राहणे, कमी खाणे, सुईच्या जागी हरभऱ्याएवढी गाठ लागणे हे नेहमीचे आहे. चोळू नये, हळद-चुन्याचा लेप लावू नये, शेकू नये.

सावधान : ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला कधीही देऊ नये. एक गोळी मोठ्या मांजरीचाही जीव घेऊ शकते. लेकरांच्या तापाचे गोड औषध म्हणजे तेच औषध. दोन दिवसांनंतरही मांजर खात नसेल, तर डॉक्टरांना फोन करावा.

टप्पा ७ : नोंद

लशीच्या कुपीवरचे चिकटपत्र कार्डावर लावून घ्यावे. ते नसेल, तर लशीचे नाव, बॅच क्रमांक, मुदत, तारीख आणि पाय हे सगळे स्वतः लिहावे. ‘मागचा पाय’ एवढे पुरत नाही, ‘डावा मागचा, गुडघ्याखाली’ असे लिहावे. त्याच पानावर पुढे तीन तारखा आधीच टाकून ठेवाव्यात : दुसऱ्या डोसाची, सुईपासून एक महिन्याची आणि सुईपासून तीन महिन्यांची. एक वर्षाने एक बूस्टर द्यावा. त्यानंतर बाहेर फिरणाऱ्या मांजरीला दरवर्षी आणि धोका कमी असलेल्या मांजरीला दोन-तीन वर्षांनी, असा साधारण प्रघात आहे. रेबीजचे वेळापत्रक वेगळे असते आणि ते कोणत्याही कारणाने चुकवू नये.

टप्पा ८ : गाठ मोजणे

सुईच्या जागेवर आठवड्यातून एकदा बोट फिरवावे. गाठ लागली, तर ती शाळेच्या पट्टीने मोजून तारखेसह लिहावी. नाण्याशी तुलना करून लिहू नये, कारण जुने आणि नवे रुपयाचे नाणे सारख्या मापाचे नाही. पुढच्या तीनपैकी एक जरी गोष्ट आढळली, तरी डॉक्टरांकडे जावे : गाठ सुईनंतर तीन महिन्यांनीही तशीच आहे, ती दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे, किंवा सुईला एक महिना उलटूनही ती वाढतेच आहे. पशुवैद्यांत हा ३-२-१ चा नियम म्हणून ओळखला जातो. सार्कोमा सुईनंतर काही महिन्यांनी, तसाच काही वर्षांनीही होऊ शकतो. म्हणून तीन महिन्यांनंतर पाहणे बंद करू नये, फक्त अंतर वाढवावे.

इथे होणारी मोठी चूक म्हणजे ‘चरबीची गाठ आहे, काढून टाकू’ असे म्हणून ती दहा मिनिटांत खुडून टाकणे. सार्कोमाच्या पेशी गाठीबाहेर मुळांसारख्या पसरलेल्या असतात. अशी अपुरी शस्त्रक्रिया झाली, की गाठ परत येते, बहुधा आणखी पसरलेली. आधी गाठीचा छोटा तुकडा घेऊन बायोप्सी करावी आणि निकाल आल्यावरच मोठी शस्त्रक्रिया ठरवावी, तीही पहिल्यांदाच पुरेशी रुंद करता येईल अशा ठिकाणी.

टप्पा ९ : पक्के बाधित ठरलेली मांजर

तिला ही लस देऊ नये. ती घरात, इतर मांजरींपासून वेगळी, वेगळ्या भांड्यात आणि वेगळ्या शौचाच्या मातीत ठेवावी. तिची भांडी साबणाने धुऊन उन्हात वाळवली, की पुरते. कच्चे मांस, कच्ची मासळी आणि न तापवलेले दूध देऊ नये, कारण तिची प्रतिकारशक्ती कमी असते. बाकीच्या लशी आणि जंताचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवावे. दर सहा महिन्यांनी वजन करावे आणि रक्त तपासून घ्यावे. घरातल्या इतर सर्व मांजरी तपासाव्यात. त्यांना लस द्यावी, पण लशीचे संरक्षण शंभर टक्के नसल्यामुळे लसवंत मांजरही बाधित मांजरीसोबत एका भांड्यात जेवू देऊ नये.

आठवड्यातून एकदा उजेडात ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात. निरोगी हिरडी गुलाबी असते, फिकट किंवा पांढरट हिरडी रक्तक्षय दाखवते. जबड्याच्या कोनाखाली आणि मागच्या गुडघ्यामागे दोन्ही बाजूंना बोटे फिरवून ग्रंथी वाढल्या आहेत का ते पाहावे. तरुण मांजर एकाएकी पोट हलवून श्वास घेऊ लागली, मान ताणून बसू लागली, तर छातीतल्या लिम्फोमाची शक्यता धरून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. छातीत पाणी साचलेल्या मांजरीला वाटेत उताणे धरू नये आणि गुंडाळूनही नेऊ नये. ती जशी बसली असेल तशीच क्रेटमध्ये बसू द्यावी आणि पोहोचण्याआधी दवाखान्याला फोन करावा, म्हणजे ऑक्सिजन आणि छातीतले पाणी काढण्याची सुई तयार ठेवता येते.